नाक्यावरचा एक दिवस

पहाटे ५. पाणी भरून, भाकऱ्या थापून झाल्या. दोन डब्यात, बाकीच्या पोरांसाठी झाकून. पिशवीत नवऱ्याचा जुना शर्ट. साडीवरून तो चढवला की वाळू अंगात जात नाही.

७.३०. पुण्यात वारजे माळवाडीचा मजूर अड्डा. लातूर, नांदेड, सोलापूर, कलबुर्गीकडची माणसं. गवंडी थापी-ओळंब्यावरून ओळखू येतो, रंगारी पँटवरच्या डागांवरून. बिगारी नुसताच उभा.

८.१५. मोटारसायकल थांबते न थांबते तोच माणसांचा गराडा पडतो.
"दोन बिगारी पाहिजेत."
"काम काय, दादा?"
"वाळू चढवायची."
"कितव्या मजल्यावर?"
खरा भाव या प्रश्नावर ठरतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गड्याचे आठशे ठरतात, बाईला पाचशे. घमेलं तेच, जिनाही तोच. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला, पण अड्ड्यावर त्याचं नाव काढणाऱ्या बाईला सोडून गिऱ्हाईक दुसरी उचलतं. नवऱ्याचा शर्ट चढवलेली ती "सहाशे तरी द्या" म्हणते आणि साडेपाचशेला गाडीवर बसते.

१०. आता उरलेल्यांचा भाव पडतो. कुणी अर्ध्या दिवसाचं काम घेतो, कुणी उक्तं. बरेचजण डबा न उघडताच घरी.

दुपार. घमेली, जिना, घमेली. जेवायला अर्धा तास.

६. पैसे हातावर पडले. रोज पडतातच असं नाही. "उद्या घेऊन जा" म्हणणारा उद्या फोन उचलत नाही, आणि तक्रार करायची तर ठेकेदाराचं 'भाऊ' यापलीकडे नावही ठाऊक नसतं.

रात्री ८. पिशवीत बांधकाम कामगार मंडळाचा अर्ज घडी घालून ठेवलाय. पोरांना शिष्यवृत्ती मिळते, असं शेजारणीनं सांगितलंय. त्यासाठीचा पैसा बांधकाम खर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो. उपकराचा कायदा १९९६ साली झाला. मुख्य अट अशी, की वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र हवं. हिचे दिवस त्याहून जास्त भरतात, पण मालक रोज नवा. सही कोण करणार? मग दलाल पैसे घेऊन सही आणून देतो, आणि कधी घमेलं न उचललेल्यालाही देतो.

महापालिकेचा एक कारकून रोज सकाळी हजेरीची वही घेऊन अड्ड्यावर बसला, तर या दलालाचं दुकान बंद होईल. खर्च एका पगाराचा.