विरजणाची जकात

झाशीतील मराठी घरांत रात्री कोमट दुधाला जे लावले जाते त्यास विरजण म्हणतात; भिंतीपलीकडच्या बुंदेली घरात तेच जामन होय. एखाद्या दिवशी ते उरले नाही, तर वाटी घेऊन शेजारी जावे आणि चमचाभर मागून आणावे, एवढाच त्याचा व्यवहार. परंतु हेच विरजण डेन्मार्क किंवा फ्रान्समधून पाकीटबंद होऊन मुंबईच्या विमानतळावर उतरते, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यास त्याचे कुळ विचारावे लागते. ते दूध आहे, खाद्यपदार्थ आहे, की आणखी काही? या प्रश्नाच्या उत्तरावर जकातीचा दर अवलंबून असतो.

मुळात विरजण परदेशातून आणावे तरी कशासाठी, अशी शंका वाचकाच्या मनात येईल. घरच्या विरजणात नाना जातींचे जिवाणू एकत्र नांदत असतात. त्यामुळे आजचे दही गोड, तर उद्याचे आंबट निघते, आणि घरी कोणी त्याची तक्रार करीत नाही. कारखान्यात मात्र हजारो लिटर दूध एकाच वेळी, एकाच चवीचे आणि ठरलेल्या वेळात लागावे लागते. शिवाय जिवाणूंनाही रोग असतात. जिवाणुभक्षक विषाणू शिरले, तर टाकीभर दूध न विरजता तसेच राहते. म्हणून निवडक जातींची शुद्ध संवर्धने प्रयोगशाळेत वाढवून, गोठवून अथवा गोठवून वाळवून विकली जातात. योगर्टचा प्रसिद्ध जिवाणू बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह याने १९०५ साली ओळखला. आपल्याकडे कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेतही अशा जिवाणूंचा संग्रह जतन करण्यात आला आहे.

आता दरपत्रकाकडे वळू. भारताचा सीमाशुल्क दर अधिनियम १९७५ सालचा. त्याची अनुसूची १९८६ मध्ये बदलून आंतरराष्ट्रीय सुसंगत नामपद्धतीनुसार रचण्यात आली. या अनुसूचीत ताक, दही, योगर्ट व केफिर यांचे स्थान चौथ्या प्रकरणात, ०४०३ या शीर्षकाखाली आहे. इतरत्र न उल्लेखिलेली खाद्यसिद्धे २१०६ खाली येतात. आणि ३००२ या शीर्षकात मानवी रक्त, प्रतिरक्तद्रव, लसी व विषे यांच्या पंक्तीस यीस्टखेरीज इतर सूक्ष्मजीवांची संवर्धने बसविलेली आहेत. तिसावे प्रकरण औषधींचे. दह्याचे विरजण देवीच्या लसीशेजारी बसावे, हे प्रथमदर्शनी कोणालाही विचित्रच वाटेल.

वाद उद्भवतो तो पाकिटातील भुकटीमुळे. जिवाणू वाळवताना मरू नयेत म्हणून त्यांच्यासोबत साय काढलेल्या दुधाची भुकटी, साखर यांसारखी रक्षक द्रव्ये घालतात. वजन केले तर पुष्कळदा हीच द्रव्ये जास्त भरतात. मग ही दुधाची भुकटी का मानू नये? दुग्धपदार्थांवरील जकात सामान्यतः संवर्धनांवरील जकातीहून अधिक असल्यामुळे हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. पण ग्राहक पैसे मोजतो ते भुकटीसाठी नव्हे, तीत निद्रिस्त असलेल्या जिवांसाठी. नामपद्धतीच्या स्पष्टीकरण-टिपांत ३००२ खाली दुग्धपदार्थांसाठी वापरावयाच्या दुग्धाम्ल किण्वांचा नावानिशी उल्लेख आहे. या टिपा म्हणजे कायदा नव्हे. तथापि १९९५ साली वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्स या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भरवशाचे मार्गदर्शक मानले. तो खटला होता लाकडी ब्लॉकबोर्डचा, पण त्यातील तत्त्व विरजणालाही लागू पडते. शिवाय २१०६ हे शीर्षक नावाप्रमाणेच उरल्यासुरल्यांसाठी आहे. ज्यास स्वतःचे घर आहे त्याने धर्मशाळेत का उतरावे?

तरीही काठावरची प्रकरणे राहतातच. यीस्ट २१०२ मध्ये जाते. दूध फाडण्याचे रेनेट हे विकर असल्यामुळे ते ३५०७ मध्ये जाते. केफिरच्या दाण्यांत जिवाणू आणि यीस्ट एकत्र राहतात, तेथे वस्तूचे मूलभूत स्वरूप शोधण्याची पाळी येते. आणि मृत एकपेशीय सूक्ष्मजीव पुन्हा २१०२ मध्येच! म्हणजे जिवंत असेतो विरजण औषधींच्या प्रकरणात, मेल्यावर यीस्टच्या शेजारी. वर्गीकरण मालाच्या आयातसमयीच्या अवस्थेवरून होते, हे आयातदाराचे सुदैवच म्हणावयाचे. कारण निर्णय लांबला तर गोदामातच ही अवस्था पालटू शकते.

गोठविलेल्या संवर्धनास उणे ४५ अंश किंवा त्याहूनही कमी तापमान लागते. मुंबईहून झाशीला येणाऱ्या पाकिटास हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवावी लागते, आणि मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. दोहोंत नव्वद अंशांचे अंतर पडते. शीर्षकावरून चाललेल्या पत्रव्यवहारात बर्फ संपला, तर लहान दुग्धव्यावसायिकाच्या हाती जकात भरलेली, पण दूध न विरजणारी भुकटी येते. मोठा कारखाना दुसरे पाकीट मागवील. लहानाच्या मात्र उद्योगावरच विरजण पडते.

यावर उपाय कायद्यातच आहेत. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या १८व्या कलमान्वये बंधपत्र घेऊन जकातीची तात्पुरती आकारणी करता येते, आणि माल सोडवून वाद पुढे चालू ठेवता येतो. माल मागविण्यापूर्वीच अग्रिम निर्णय मागण्याचीही सोय आहे; २०२१ पासून त्यासाठी दिल्ली व मुंबई येथे स्वतंत्र प्राधिकरणे आहेत. अर्जासोबत जिवाणूंची जात, दर ग्रॅममागे जिवंत पेशींची संख्या व रक्षक द्रव्यांचे प्रमाण दर्शविणारे निर्मात्याचे पत्रक जोडावे. बीजकावर नुसते ‘दह्याची पावडर’ असे लिहिलेले नसावे. २०२२ च्या सुधारणेनंतर ही संवर्धने ३००२ ९० ऐवजी ३००२ ४९ या उपशीर्षकात गेली आहेत. जुन्या बीजकावरून आकडा उतरवून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.