खाडीतला बुडबुडा की पाइपलाइनची गळती? गॅसचं ‘मूळ गाव’ असं शोधतात

डोलवी म्हटलं की पोलाद कारखाना आठवतो. पेण तालुक्यातल्या या कारखान्यात नैसर्गिक वायू लोहखनिजातला ऑक्सिजन काढून स्पंज आयर्न बनवायलाही वापरतात. या वायूत मुख्यतः मिथेन असतो. पण शेजारच्या धरमतर खाडीच्या चिखलातही मिथेन तयार होतो. मिथेनला ना रंग, ना वास. मग बुडबुडे दिसले, तर ते चिखलाचे की गळतीचे, हे कसं ओळखायचं?

कार्बनचं वजन काय सांगतं?

निसर्गात कार्बन-12 हलका आणि कार्बन-13 जड. शंभरातला साधारण एकच अणू जड असतो. चिखलातले सूक्ष्मजीव हलका कार्बन जास्त वापरतात, त्यामुळे त्यांच्या मिथेनमध्ये जड कार्बन आणखी कमी असतो. प्रमाण नमुन्याशी तुलना केली तर हा आकडा उणे 60 प्रति हजारच्याही खाली जातो. जमिनीत खोलवर, उष्णतेने बनलेल्या वायूचा आकडा बहुतेकदा उणे 50 ते उणे 20 असतो.

दुसरा पुरावा म्हणजे इथेन आणि प्रोपेन. सूक्ष्मजीव जवळपास फक्त मिथेन बनवतात. इथेन-प्रोपेन बऱ्यापैकी सापडले, तर वायू खोलातला असण्याची शक्यता वाढते.

वायू प्रवास करतो?

हो. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या ‘मुंबई हाय’मध्ये 1974 साली तेल सापडलं. ते जिथे सापडलं तिथेच तयार झालं नव्हतं. खोल भागातल्या जुन्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या खडकांत तेल आणि वायू बनले, वर सरकले आणि चुनखडीच्या उंचवट्यात अडकले. हा माग लागला, तर पुढची विहीर कुठे खणायची याचा अंदाज बांधता येतो. कोरडी विहीर म्हणजे मोठा खर्च पाण्यात.

मग एक चाचणी पुरेशी का नाही?

कारण वाटेत खुणा बदलतात. खडकांतून झिरपताना मोठे रेणू मागे राहू शकतात. काही जिवाणू मिथेन खातात, तेही हलका आधी. उरलेला मिथेन जड होतो आणि चिखलातला वायूही खोलातला वाटू शकतो. त्यात पाइपलाइनमध्ये देशी वायू आणि आयात एलएनजी एकत्र येऊ शकतात.

म्हणून कार्बन, इथेन-प्रोपेन आणि परिसराचा भूगर्भ हे तिन्ही जुळले, तरच निष्कर्ष पक्का. बुडबुड्यांच्या व्हायरल व्हिडिओवरून ‘गळती’ किंवा ‘गॅसचा साठा’ ठरवता येत नाही. पण शंका आली, तर काडी पेटवून पाहू नका. लांब व्हा आणि प्रशासनाला कळवा.