दातांवरचा आळ

आम्ही काही वैद्य-डॉक्टर नव्हे. आयुष्य यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत गेले आणि शिक्षण झाले ते मिळेल ते पुस्तक वाचून. तरीही आज तान्ह्या मुलांच्या दातांविषयी बोलावयाचे ठरविले, त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एका कामगाराच्या घरी आम्ही सभेचा निरोप द्यावयास गेलो. आठ महिन्यांची मुलगी आजीच्या मांडीवर होती. नाक वाहत होते, खोकला होता, अंग तापले होते. "दात येताहेत हो दादा, निघाले की उतरेल," आजी म्हणाल्या. असे म्हणत चार दिवस गेले होते. श्वास घेताना पोरीच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. रिक्षा करून तिला दवाखान्यात नेले, न्यूमोनिया निघाला. पोर वाचली. परंतु आणखी एक रात्र गेली असती तर, हा विचार अजून आमची पाठ सोडीत नाही.

हा समज त्या आजींचा एकटीचा नव्हे. वाग्भटाने अष्टांगहृदयात दात येणे हे सर्व रोगांचे कारण म्हटले आहे; मात्र हे विकार दात आल्यावर आपोआप शमतात, बाळाला फार जाचू नये, असेही तोच सांगतो. विलायतेत इतका संयम नव्हता. तेथे दातांसाठी द्यावयाच्या पुडीत पाऱ्याचा क्षार असे. त्याने मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलत, कित्येक दगावत. १९५४ साली उत्पादकांनी पुडीतून पारा काढला, तेव्हा तो रोगही ओसरला.

मग दात आणि सर्दी एकाच वेळी का दिसतात? पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येतात. म्हणजे या काळात कोणता ना कोणता दात वाटेवर असतोच. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्ये याच सुमारास कमी होतात. मूल रांगू लागते, हाती येईल ते तोंडात घालते आणि घरातल्या प्रत्येकाची सर्दी त्याला गाठते.

अमेरिकेत क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी १२५ मुलांच्या आईबापांकडून रोजच्या नोंदी ठेवविल्या आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दात येताना लाळ गळणे, चावत सुटणे, किरकिर, अंग किंचित गरम होणे हे आढळले. चोंदलेले नाक, खोकला, जुलाब किंवा मोठा ताप यांचा मात्र दातांशी संबंध आढळला नाही.

मागावर धागा तुटला की दोष विणकराच्या हाताला लावतात. पुष्कळदा सूत हलके असते किंवा शेडमधील हवा कोरडी असते. पण विणकर समोर दिसतो, हवा दिसत नाही. दाताचेही तसेच, तो दिसतो, विषाणू दिसत नाही.

शिवाय दात हे कारण गरिबाला सोयीचे पडते. मजुरी कामावर मिळते. दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो. "दातच आहेत" म्हटले की खाडा वाचतो. म्हणून आम्ही आजींना दोष देत नाही.

दातांचा त्रास असेल तर स्वच्छ बोटाने हिरड्या चोळाव्यात, थंड पाण्यात भिजविलेले स्वच्छ फडके चावावयास द्यावे. साध्या सर्दीत अंगावरचे दूध चालू ठेवावे, नाक मोकळे करावे. पण ताप १०० अंशांच्या वर जाऊन टिकला, तर ती सर्दी दातांच्या नावावर घालू नये, डॉक्टरांना दाखवावे. मूल पीत नसेल, मलूल पडले असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा श्वास जलद चालत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. श्वास मोजणे अवघड नाही. मूल शांत असताना घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट पोट वरखाली होताना मोजावे. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले, तर तो जलद श्वास समजावा.

आमच्या कार्यालयाच्या फळ्यावर सभेच्या तारखेखाली हे दोन आकडे आम्ही खडूने लिहून ठेवले आहेत. खाली एवढेच लिहिले आहे : आधी मूल दवाखान्यात न्या, खाड्याचे मालकाशी आम्ही बोलू.