कुठे काय वाढवायचे, हे पेशींना कसे कळते?

पाल संकटात सापडली की शेपटी टाकून पळते, हे सर्वांनी पाहिलेले असते. पुढे तिला नवी शेपटी येते. पण जुन्या शेपटीत मणके होते, नवीत त्यांच्या जागी कूर्चेची सलग नळी असते. गमावलेला भाग पुन्हा वाढवण्याच्या या क्षमतेला पुनर्जनन म्हणतात. पालीचे पुनर्जनन असे अपुरे असते. ते परिपूर्ण पाहायचे तर हायड्राकडे वळले पाहिजे.

गोड्या पाण्यातल्या या चिमुकल्या प्राण्याचे पुनर्जनन १७४० च्या सुमारास आब्राहम ट्रेंब्ले यांनी प्रयोगांनी दाखवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि सहकाऱ्यांनी हायड्रावर अनेक वर्षे काम केले. २०११ मध्ये त्यांनी भारतातल्या हायड्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

हायड्रा मधोमध कापला, तर वरच्या तुकड्याला खाली पाय येतो आणि खालच्याला वर तोंड. कापाच्या दोन्ही बाजूंच्या पेशी क्षणापूर्वी शेजारी होत्या. मग एकीने पाय आणि दुसरीने तोंड का घडवावे? कारण तोंडाकडून पायाकडे जाताना काही रासायनिक संकेतांचा प्रभाव कमी कमी होत जातो. त्यावरून तुकड्याची वरची बाजू कोणती, हे ठरते.

हे संकेत बिघडले तर? भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी बेडकाच्या पिल्लांच्या शेपट्या कापून त्यांना 'अ' जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवले. काहींना शेपटीच्या जागी चक्क पाय फुटले! हे संशोधन १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे पेशींची संख्या वाढणे पुरेसे नाही. कुठे काय घडवायचे, याची माहितीही अचूक हवी.

आपल्या शरीरात जखम भरते, पण मोठ्या जखमेवर व्रण उरतो. तुटलेला हात पुन्हा येत नाही. यकृताचा भाग काढला तर उरलेले यकृत आकाराने वाढते, काढलेला खंड मात्र जसाच्या तसा उगवत नाही. अवयव गमावलेल्या माणसाला कधी मदत करायची, तर आधी हायड्राच्या पेशींची ही भाषा समजून घ्यावी लागेल.

शाळेत हे पाहता येईल. तळ्यातल्या पाणवनस्पती त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत दोन दिवस स्थिर ठेवाव्यात आणि भिंगाने हायड्रा शोधावा. नव्या ब्लेडने तो मधोमध कापून तुकडे तळ्याच्याच पाण्यात ठेवावेत व रोज चित्र काढावे. मराठवाड्यातला उन्हाळा हायड्राला सोसत नाही, म्हणून हा प्रयोग हिवाळ्यात करावा. पालीची शेपटी मात्र मुद्दाम तोडू नये. तिच्यात पालीने चरबी साठवलेली असते.