डोंगरीच्या घड्याळात वेळ जातो कुठे?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालेली बस मुर्धा, राई, मोर्वा मागं टाकते, मिठागरं आणि खारफुटी दिसेनाशी होतात, टेकड्या जवळ येतात आणि डोंगरी लागतं. हे धारावी बेट. नाव ऐकून मुंबईतली वस्ती डोळ्यांसमोर येते. ही धारावी निराळी, वसईच्या मोहिमेत जिच्या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले ती. डोंगरीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरं आहेत, आणि पुढं उत्तन, पाली, चौक या गावांत कोळीवाडे. मुंबईत नोकरीला जाणाऱ्याचा दिवस आधी बसची वाट बघण्यात, मग बसमध्ये, मग लोकलच्या गर्दीत सुरू होतो. संध्याकाळी तेच सगळं उलट्या क्रमानं. अशा घरात कुणी ‘स्वतःकडे लक्ष दे गं जरा’ असा सल्ला दिला की समोरून एकच उत्तर येतं: वेळ कुठाय?

हे उत्तर आळशीपणाचं नाही. तिथूनच सुरुवात केलेली बरी.

‘वेळ काढला की मिळतो’ हा आरोग्याच्या गप्पांमधला सगळ्यात लाडका गैरसमज. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटं. मुलं, म्हातारी माणसं, आजारी यांची देखभाल वेगळी मोजली, तर ती करणाऱ्या बायका १३७ मिनिटं देतात आणि पुरुष ७५. २०१९च्या पाहणीत बायकांचं घरकाम २९९ मिनिटं होतं. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. तेव्हा एखादीला फिरायला अर्धा तास मिळत नसेल, तर तो तिच्या निर्धारात शोधण्याआधी घरातल्या २८९ आणि ८८ या दोन आकड्यांमध्ये शोधायला हवा. सकाळचे डबे कोण भरतं, आजीला दवाखान्यात कोण नेतं, पाणी आलं की टाकी भरायला कोण उठतं, या प्रश्नांची उत्तरं बदलली नाहीत तर वहीत आखलेलं वेळापत्रक वहीतच राहतं.

दुसरी समजूत ‘स्वतःची काळजी’ या शब्दांभोवतीच चिकटलेली आहे. म्हणजे पार्लर, मसाज, एकटीनं कुठंतरी जाणं, महागड्या बाटल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं या विषयावर २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतली व्याख्या फारच घरगुती आहे: आरोग्य राखणं, आजार टाळणं आणि आजार आलाच तर त्याला तोंड देणं, ही व्यक्तीची, कुटुंबाची आणि समाजाची क्षमता, सोबत आरोग्य कर्मचारी असो वा नसो. या व्याख्येत कुटुंब आहे आणि समाजही आहे. वेळेवर घेतलेली रक्तदाबाची गोळी त्यात बसते. मुलाला ताप असताना तांदळाच्या पेजेत मीठ किती घालायचं हे माहीत असणंही बसतं. पार्लरला कुणाची ना नाही, पण ते या यादीत बरंच खाली येतं.

आता व्यायाम. ‘घरकामातच होतो की व्यायाम!’ हे वाक्य डोंगरीतच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही ओट्याशी ऐकू येतं, आणि ते अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल पुरते, आणि ती घरकामातली असली तरी चालते, फक्त श्वासाचा वेग वाढला पाहिजे. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ही त्याची साधी खूण. ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना कुणाला धाप लागत नाही. विहिरीचं पाणी शेंदणं, जिन्यानं गॅसचा सिलिंडर वर नेणं, अंगण खराट्यानं झपाट्यानं झाडणं हे मात्र मोजता येतं. याच शिफारशींमध्ये एक जुनी अट काढून टाकली गेली, तिची बातमी घरोघरी पोहोचलीच नाही: हालचाल सलग दहा मिनिटांची असावी, तरच ती धरायची, असं पूर्वी मानत. आता तसं नाही. दोन-तीन मिनिटंही जमेस धरली जातात.

त्याला पुढं आधारही मिळाला. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ब्रिटनमधल्या पंचवीस हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास आला. ही सगळी व्यायाम न करणारी माणसं, मनगटावर हालचाल मोजणारं यंत्र बांधलेली. ज्यांच्या दिवसात बस पकडायला धावणं, झपाझप चढ चढणं असे एक-दोन मिनिटांचे जोरकस तुकडे तीनेकदा येत होते, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण, असे तुकडे अजिबात नसलेल्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसलं. हा संबंध आहे, सिद्ध कारण नव्हे. जी माणसं धावू शकतात ती मुळातच धडधाकट असू शकतात. तरी भाईंदर स्टेशनाचा पूल दोन पायऱ्यांमध्ये न थांबता चढणाऱ्याला हा अभ्यास आवडावा.

मग ‘घरकामातच होतो की व्यायाम’ या वाक्याचा दुसरा अर्धा भाग खोटा कसा? उत्तनच्या किनाऱ्यावर गेलं की ते कळतं. डोल जाळ्यांनी बोंबील आला की बायका उकिडव्या बसून तासन्‌तास मासळी निवडतात, डोक्यावर पाटी वाहतात, बोंबलाच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून सुकवायला वलांडीवर टांगतात. एवढ्या कष्टांवर कुणी ‘तुला कसला व्यायाम हवा’ म्हणालं तर पटतं. पण २०२१ मध्ये कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये छापून आली आणि तिच्यात उलट चित्र होतं. फावल्या वेळातली हालचाल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकार आणि मृत्यू कमी; कामावरचे अंगकष्ट जास्त असलेल्यांमध्ये मात्र ते जास्त. संशोधकांनी सुचवलेलं कारण समजायला सोपं आहे. अशा कष्टात शरीर तासन्‌तास एकाच ताणात राहतं, रक्तदाब चढाच राहतो आणि मधली विश्रांती आपल्या हातात नसते. अशा बाईला ‘रोज सूर्यनमस्कार घाल’ म्हणणं शहाणपणाचं नाही. तिला हवी असते पाठ टेकायची जागा, ओझं वाटून घेणारा दुसरा हात, आणि दिवसभर वाकलेल्या कंबरेला उलट दिशेनं ताण देणारे दोन-चार सोपे प्रकार. याउलट लोकलमध्ये आणि मग खुर्चीत बसून दिवस काढणाऱ्या तिच्याच मुलीला, सुनेला, मुलाला चालण्याची गरज आहे. एकाच घरात दोन निराळी औषधं लागतात. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारी हालचाल सगळ्यांनाच हवी, कारण वय वाढलं की खुर्चीतून हात न टेकता उठणं हीच मोठी गोष्ट होते.

चालण्याचा विषय निघाला की मोबाइल दहा हजारांचा आकडा दाखवतो आणि साडेचार हजारांवर अडकलेला माणूस खट्टू होतो. या दहा हजारांमागे डॉक्टर नव्हते, दुकानदार होते. टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये, जपानच्या यामासा कंपनीनं पावलं मोजणारं एक यंत्र विकायला काढलं आणि त्याला नाव दिलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल होता, लक्षात राहिला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षं वयाच्या जवळपास १७ हजार बायकांचा अभ्यास झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. म्हणजे डोंगरीतल्या आजीनं चर्चपर्यंत, मग नातवंडाच्या शाळेपर्यंत फेरी मारली, तर ते ‘थोडंसंच’ नसतं.

चालायला जागा मात्र हवी. डोंगरीच्या टेकड्या हा फुकटचा, सावलीचा फिरण्याचा रस्ता. मेट्रो ९च्या कारशेडसाठी इथली जागा निवडली गेली आणि बारा हजारांहून अधिक झाडांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. त्या वादात पर्यावरणाची बाजू सगळ्यांनी ऐकली. पण स्वतःच्या काळजीच्या व्याख्येत ‘समाज’ हा शब्द का आहे, याचं उत्तरही त्याच टेकडीवर सापडतं.

‘एकवीस दिवस नेटानं केलं की सवय लागते.’ हे कुठून आलं? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसेक दिवस लागतात असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. पुढं त्यातलं ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याऐवजी योगासनं आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी हे खरोखर तपासलं. ९६ जणांनी एकेक साधी गोष्ट निवडली, जसं जेवणासोबत एक फळ, किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं, आणि १२ आठवडे नोंद ठेवली. कृती आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता. आकडेमोडीनं कुणाचा अंदाज १८ दिवसांचा निघाला, कुणाचा थेट २५४. पाण्याचा पेला लवकर अंगवळणी पडला, व्यायामाला जास्त वेळ लागला.

या अभ्यासातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आकड्यांत नाही. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. डोंगरीच्या वर्षात चुकायचे दिवस भरपूर असतात. गावचा सण, मे महिन्यातली लग्नं, नाताळ, परीक्षा, कुणाचं बाळंतपण, आणि किनाऱ्यालगतच्या घरांत मासळीचा हंगाम. खंड पडला की ‘आता पुढच्या महिन्यापासून’ म्हणणारी माणसं चुकलेल्या एका दिवसापायी तीस दिवस सोडून देतात. दुसरं निरीक्षण असं, की सवय आधीच्या ठरलेल्या कृतीला बांधली तर ती टिकते. सहा वाजताच्या गजराला बांधलेलं चालणं रात्री बाळ रडलं की मोडतं. मुलाला शाळेच्या बसवर सोडून परतताना लांबच्या वाटेनं येणं सहसा मोडत नाही, कारण मुलाला सोडायला जावंच लागतं.

स्वयंपाकघरातल्या समजुतींची यादी लांब आहे. त्यातल्या दोनच इथं. पहिली, सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं खाणारी बाई घराची लक्ष्मी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. पाळी, बाळंतपणं, जंत, अनेक कारणं असतात, पण पातेल्याच्या तळाशी उरलेलं वरण हेही त्यांतलं एक. जेवण झाल्याझाल्या कपभर चहा घेणं हे दुसरं, कारण चहातले टॅनिन अन्नातलं लोह शोषू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. चहा सोडायचा नाही, सरकवायचा. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह अधिक लागू पडतं, त्याला पाच सेकंदं पुरतात.

दुसरी समजूत खास इथली: सुकी मासळी म्हणजे मीठच मीठ, रक्तदाबवाल्यानं तिचं नाव काढू नये. वलांडीवरचा बोंबील बहुतेक वेळा मीठ न लावता नुसत्या उन्हावाऱ्यावर सुकतो, आणि तो चांगल्यापैकी प्रथिनं देतो. मिठात मुरवलेली सुरमई, बांगडा, ही खारवलेली मासळी वेगळी. ती रक्तदाबवाल्याच्या ताटात क्वचितच असावी. प्रौढासाठी दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम मिठाची, म्हणजे एक चपटा चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाण, बेकरीचा पाव सगळं आलं. मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्यांना हा चमचा फारच छोटा वाटतो.

झोपेबद्दल थोडक्यात. प्रौढांना रात्री किमान सात तास हवेत, आणि आठवडाभराची उधारी रविवारी फिटत नाही. २०१९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात कमी झोपवलेल्या माणसांना शनिवार-रविवारी हवं तेवढं झोपू दिलं. सोमवारपासून पुन्हा कमी झोप सुरू होताच साखरेवरचा शरीराचा ताबा सुधारलेला दिसला नाही. पहिल्या लोकलसाठी उठणाऱ्यानं रात्री मालिकेचा एक भाग सोडलेला बरा.

राहिली ती सगळ्यात महागात पडणारी समजूत: ‘मला काही होत नाही, मग तपासायचं कशाला?’ उच्च रक्तदाब बहुतेकदा काहीच सांगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासात, २०२३ मध्ये, प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि उच्च रक्तदाबाचं ३५.५ टक्के निघालं. म्हणजे डोंगरीच्या बसमध्ये बसलेल्या प्रौढांपैकी साधारण दर तिसरा. तिशीनंतर गर्भाशयमुख, स्तन आणि तोंडाच्या कर्करोगाची पाच वर्षांतून एकदा तपासणी सरकारी कार्यक्रमात बसते, पण कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी केलेल्या जेमतेम दोन टक्के. महाराष्ट्रात २०२२च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ मोहिमेत अठरा वर्षांवरच्या बायकांच्या तपासण्या झाल्या. मोहिमा येतात आणि जातात. भाईंदर पश्चिमेचं भीमसेन जोशी रुग्णालय, अजूनही सगळ्यांच्या तोंडी ‘टेंभा’, बारा महिने जागेवर असतं. कोळी घरांना तर तारीख आयतीच मिळते: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, आणि घरातले पुरुषही मोकळे, म्हणजे स्वयंपाक त्यांच्यावर सोपवून रांगेत उभं राहता येतं.

रक्तदाब मोजताना एक नियम असतो, तो गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हमखास मोडतो. अर्धा तास आधी चहा नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड आधाराला, आणि पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं न बोलता, काहीही न करता शांत बसायचं. बसमधून उतरून पाटी खाली ठेवत आलेल्या बाईचा आकडा लगेच घेतला तर तो खोटाच चढा येतो. नर्सबाईंना ‘ताई, मला आधी पाच मिनिटं बसू द्या’ असं सांगायला हरकत नसते.