जुन्या नभोवाणीयंत्रातील अनोळखी भागांची ओळख

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. तेथून सुमारे १०० किलोमीटरवरील साकोलीच्या परिसरात, वीज घरोघर येण्यापूर्वी, त्याचा आवाज ऐकावयाचा तो बहुधा कोरड्या बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या यंत्रातूनच. असे यंत्र पुन्हा बोलते करताना त्यातील भाग ओळखण्याचा प्रश्न प्रथम येतो.

व्हॉल्व्हवरील ‘डीएफ ९६’ ही खूण निरर्थक नव्हे. युरोपीय पद्धतीत आद्याक्षर तंतूचा विद्युद्दाब दर्शविते : ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, ‘ई’ म्हणजे ६.३. हा भेद न जाणता जोडणी केल्यास तंतू तत्काळ जळतो. खूण पुसली असल्यास ओहममापक लावण्याचा मोह होतो. परंतु या तंतूचा नेहमीचा प्रवाह अवघा २५ मिलिअँपियर असल्याने काही मापकांचा प्रवाहही त्यास घातक ठरतो. तेव्हा आधी मापकाचा प्रवाह तपासावा, मग व्हॉल्व्ह.

जुन्या रोधकांवर वलये नसतात, हेही अनेकांना चकविते. तेथे अंगाचा रंग पहिला अंक, टोकाचा दुसरा, आणि ठिपका पुढील शून्यांची संख्या सांगतो. पिवळे अंग, जांभळे टोक व नारिंगी ठिपका म्हणजे ४७,००० ओहम. मात्र रंग कालांतराने करपतात. नारिंगी तपकिरी दिसू लागला की ४७,००० चे ४७० होतात.