पाइनच्या खोडातलं विरजण

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रेडिआटा पाइनची लागवड दाट होती, विरळणी राहून गेली होती आणि त्यातच १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात पावसानं पाठ फिरवली. सुमारे १,२०,००० हेक्टरांवरची जवळजवळ ३० टक्के झाडं काही वर्षांत वाळून गेली. ठपका आला सायरेक्स नॉक्टिलिओ या निळसर काळ्या माशीवर. मूळच्या युरोपात ती मरणपंथाला लागलेल्या झाडांवर गुजराण करते आणि फारसं कुणाचं नुकसान करत नाही. न्यूझीलंडला ती १९००च्या सुमारास पोचली, बहुधा लाकडातूनच.

पण एकट्या माशीला दोषी धरणं मला पटत नाही. मादीच्या पोटात, अंडी घालायच्या नळीच्या मुळाशी, दोन इवल्या पिशव्या असतात. त्यांत अमायलोस्टेरियम अ‍ॅरिओलाटम ही लाकूड कुजवणारी बुरशी असते. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पॉल बुखनर यांनी १९२८मध्ये अशा पिशव्यांचं वर्णन केलं.

मादी खोडावर बसून सुईसारखी नळी सालीतून लाकडात घुसवते. झाडात जोम असेल तर एकच भोक पाडून, अंडं न घालता, नुसता चिकट द्रव आणि बुरशी सोडून निघते. झाड अशक्त वाटलं तर तिथेच आणखी भोकं पाडून अंडी घालते. १९६०च्या दशकातल्या ऑस्ट्रेलियन प्रयोगांत दिसलं, की नुसत्या द्रवानं झाड मरत नाही आणि नुसत्या बुरशीनंही नाही. द्रवानं झाडाची ताकद खचते, मग बुरशी फैलावते आणि लाकूड कोरडं पडतं. अळीला लाकूड स्वतःच्या बळावर पचत नाही. बुरशीच्या विकरांनी ते आधी मऊ पडावं लागतं. लेकीला विरजण द्यावं तशी ही बुरशी आईकडून मुलीकडे जाते: मादी अळी ती अंगावरच्या घड्यांत जपते आणि कोषातून बाहेर पडताना ती नव्या पिशव्यांत पोचते. नराकडे ती नसतेच. दक्षिण गोलार्धात या बुरशीला फळं क्वचितच धरतात. माशीच तिची वाहक, त्यामुळे ऑस्ट्रेलियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत बुरशीचा जणू एकच वंश पसरलेला सापडतो.

या जोडीचं मर्मही बुरशीतच आहे. इबालिया ही परजीवी माशी बुरशीच्या वासावरून खोडातल्या अळीचा माग काढते. त्याहून विलक्षण आहे १९६२मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडलेला डेलाडेनस हा सूत्रकृमी. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या रॉबिन बेडिंग यांनी त्याचं दुहेरी आयुष्य उलगडलं. एरवी तो पिढ्यान्‌पिढ्या बुरशीच खात राहतो. सायरेक्सच्या अळीजवळ कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढली, की त्याच्या माद्या वेगळ्याच रूपात जन्मतात, इतक्या वेगळ्या की त्या दुसऱ्याच कुळातल्या वाटाव्यात. त्या अळीच्या शरीरात शिरतात. पुढे त्यांची पिल्लं माशीच्या अंड्यांत घुसतात, आणि ती माशी नव्या झाडात सूत्रकृमींनी भरलेली अंडीच पेरते.

वनखात्यांनी याचा उपयोग करून घेतला. तणनाशकानं काही झाडं मुद्दाम अशक्त करायची, त्यांत सायरेक्स उतरली की ती झाडं पाडायची, हातोडीनं भोकं पाडून त्यांत सूत्रकृमींची जेल भरायची. तरी १९८७ ते १९८९ या काळात दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरियाच्या सीमेवर ५० लाखांहून अधिक पाइन मेले. कारण प्रयोगशाळेत निघालं. २० वर्षांहून अधिक काळ नुसत्या बुरशीवर पोसलेल्या सूत्रकृमींच्या त्या वाणाची अळीत शिरण्याची क्षमता फार घटली होती. टास्मानियातल्या कामोना जंगलात, पूर्वी सोडलेल्या सूत्रकृमींच्या वंशात, ती शाबूत सापडली. तेव्हापासून हा कामोना वाण द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपला जातो.

ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेलाही तोच गेला. दक्षिण आफ्रिकेच्या उन्हाळी पावसाच्या पट्ट्यात मात्र सुरुवातीला यश तोकडं राहिलं. लाकूड लवकर वाळतं आणि लाकडाला निळे डाग पाडणाऱ्या दुसऱ्या बुरश्या जागा बळकावतात, असं तिथले संशोधक सांगतात. अमायलोस्टेरियम नसलेल्या लाकडात सूत्रकृमीला खायलाच काही उरत नाही; मग तो अळीपर्यंत पोचणार कसा?